नवतप्यातलं चौथं चाक

आमच्या कूलरच्या पत्र्याला एक पोचा आला आहे. मुठीएवढा, आत दबलेला. मे संपत आला की वाळ्याच्या ताट्या बदलायला मी कूलर उघडतो आणि दरवर्षी हात त्या पोच्यावर जातो. यंदाही गेला. सूर्य रोहिणीत आला, नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमधले रस्ते सकाळी नऊलाच ओस पडले. गच्च्यांवर कुरडया आणि सांडगी मिरच्या वाळताहेत, घरोघरी कूलरची घरघर चालू आहे आणि दुपारी खिडकीच्या फटीतून गरम लू आत शिरते आहे. ओल्या ताटीचा गार वास नाकात असतानाच मला तीन वर्षांपूर्वीचा नवतपा आठवला.

त्या नवतप्यात आमची गाडी पोर्चमध्ये चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. चारही चाकं काढून भिंतीशी टेकवलेली. मी पहाटे साडेपाचला कामाला बसायचो आणि नऊला उठायचो, कारण नऊनंतर उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नसे. डोक्याला ओला दुपट्टा, शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या. पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क, नवे पॅड, नवे कॅलिपर आणि चारही बाजूंना धक्के झेलणारे नवे शॉकअप बसवायचे होते.

मी काही मेकॅनिक नाही. सरकारी कार्यालयात नकाशे काढतो. घरची पाण्याची मोटार किंवा मंदाची स्कूटर खोलून पुन्हा जोडता येते, इतकंच. ब्रेकचं काम घरी करू नये हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते स्वतःच्याच हातानं करायचं असं मी ठरवलं होतं. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुट्यांत आम्ही तिघं चिखलदऱ्याला गेलो होतो. मी, माझी बायको मंदा आणि मुलगी पूर्वा. परतताना घाट उतरत होतो. ऊन कोवळं, सागाची पानं पिवळी पडायला लागलेली, पूर्वा मागच्या सीटवर झोपलेली. एका वळणावर ब्रेक मऊ लागला. पुढच्या वळणावर आणखी मऊ. काहीतरी जळल्यासारखा वास आत आला आणि मंदा म्हणाली, "कशाचा वास येऊन राहिला हो?" त्याच क्षणी माझा पाय थेट खाली टेकला. पायाखाली काही नव्हतंच. गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, गाडी थोडी हळू झाली पण थांबेना. उजवीकडे दरी होती. डावीकडे डोंगर. मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

डोंगर मंदाच्या बाजूला होता.

पत्रा खरवडल्याचा तो आवाज बराच वेळ चालला. गाडी थांबली तेव्हा मंदाचा डावा हात कोपराच्या वर मोडलेला होता. पूर्वा सीटवरून खाली पडली होती, पण तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. मला काहीच झालं नव्हतं.

नंतर जे झालं ते जास्त वाईट होतं. माझं कौतुक झालं. मंदाच दवाखान्यात प्रत्येकाला सांगायची, "ब्रेक फेल झाले, पण यांनी डोकं शांत ठेवलं. नाही तर आज आम्ही कोणीच नसतो." तिचे मोठे भाऊ भास्करदादा नरखेड तालुक्यातून संत्र्यांची पेटी घेऊन आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पुढे संक्रांतीला आम्ही त्यांच्या गावी गेलो, तेव्हा त्यांनी चार पाहुण्यांसमोर मला शाल पांघरली आणि नारळ दिला. "जावयानं आमची मंदी वाचवली," म्हणाले. मी तो नारळ घेतला. वाकून नमस्कारही केला.

आणि मला माहीत होतं की घाटात निघण्याच्या दहा दिवस आधी रज्जाकभाईंनी मला सांगितलं होतं. रज्जाकभाईंचं गॅरेज आमच्या चौकातच आहे. गाडी घेतली तेव्हापासून तेच तिचं पाहतात. त्यांनी चाक काढून दाखवलं होतं. "साहेब, पॅड खल्लास झाले. ब्रेकचं ऑइल पाहा, चहासारखं काळं झालं. याच्यात ओल शिरली की गरम झाल्यावर उकळते, मग ब्रेक लागत नाही. घाटात नेऊन राहिले तर बदलूनच न्या." मी म्हणालो होतो, "आल्यावर करू."

एवढं एक वाक्य. अपघातानंतर मी त्यांच्या गॅरेजसमोरून जाणं सोडलं. गाडीचा पत्रा आणि ब्रेक घाटाखाली परतवाड्यालाच दुरुस्त करून घेतले.

गाडी घरी आली, पण मंदा तिच्यात बसेना. प्लास्टर निघालं, हात सरळ झाला, ती स्कूटर चालवायला लागली; गाडीजवळून जाताना मात्र अंग चोरायची. संक्रांतीला गावी गेलो तेही एसटीनं. "विकून टाका," म्हणायची. "या गाडीतच काही खोट आहे." गाडीत खोट नव्हती, हे सांगता येणारा एकच माणूस घरात होता आणि तो गप्प होता. मग मला वाटायला लागलं, सगळ्यांत चांगले ब्रेक बसवू, गाडी अशी करू की बोट ठेवायला जागा राहणार नाही. मंदा पुन्हा बसेल आणि त्या वाक्याचं ओझं आपोआप उतरेल. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मात्र मी रात्रंदिवस त्याच हिशेबानं जगत होतो.

मंदा शाळेत विज्ञान शिकवते. मे महिन्यात तिला सुट्या आणि पूर्वा मामाकडे गावी. घरात आम्ही दोघंच. ती दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची, माझ्याकडे बघायची आणि आत जायची. मी काय करतो आहे यापेक्षा का करतो आहे हे तिला कळत नव्हतं, आणि तिच्या त्या बघण्याखाली माझ्या हातातून नट सुटायचे.

तिसऱ्या दिवशी शॉकअपची पाळी आली. शॉकअपभोवती जाड तारेची मोठी स्प्रिंग असते. ती सतत दबलेली असते; बदलायची तर आणखी दाबून बांधावी लागते आणि मग वरचा नट सोडायचा. त्यासाठी मी एक साधं यंत्र मागवलं होतं, दोन लांब आटेदार दांड्या आणि त्यांना आकडे. इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे, असं दोन्ही बाजूंनी सारखं आवळत जायचं. साडेआठ वाजून गेले होते. ऊन पोर्चच्या फरशीवर आलं होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. आज एक तरी संपवू म्हणून मी घाई केली. एका बाजूला चार फेरे दिले.

आकडा सरकल्याचा बारीक "टक्" मी ऐकला. पुढचं काही दिसलं नाही. कानाजवळून काहीतरी गेलं आणि पोर्च दणाणला. स्प्रिंग खिडकीशी ठेवलेल्या कूलरवर आदळून, उसळून, फाटकापाशी जाऊन पडली. कूलरच्या पत्र्यात मुठीएवढा खड्डा. माझ्या गुडघ्यांपासून तिथपर्यंतच्या सरळ रेषेत दोन क्षणांपूर्वी माझं डोकं होतं. नट बघायला मी मागे झुकलो म्हणून ते तिथे नव्हतं.

मंदा धावत बाहेर आली. तिनं कूलर पाहिला, स्प्रिंग पाहिली, मग माझं कपाळ, माझे हात उलटेपालटे करून पाहिले. बोटं जागेवर आहेत याची खात्री झाल्यावर ती ओरडली.

"काहून करून राहिले तुम्ही हे? कोणी सांगितलं तुम्हाले? मी सांगितलं का?"

"तू बसत नाहीस गाडीत म्हणून..."

"मी बसत नाही म्हणून तुम्ही मरता का?"

मी फाटकापाशी जाऊन स्प्रिंग उचलली.

"ते स्प्रिंगचं काम गॅरेजात न्या," ती म्हणाली. "रज्जाकभाईकडे मशीन आहे ना? आत्ता न्या. मी येते संग."

नाही म्हणायला कारण सापडेना. ती स्कूटर चालवते आहे आणि मी मागे दोन्ही मांड्यांवर ते लोखंड धरून बसलो आहे, अशी आमची वरात चौकात निघाली. डांबर मऊ झालं होतं. गॅरेज जवळ येत गेलं. रज्जाकभाई बोलतील. सहज, काही मनात नसतानाही बोलून जातील. साहेब, मी तर तेव्हाच म्हटलं होतं. इतकंच म्हणतील आणि सगळं संपेल.

रज्जाकभाईंनी आम्हाला पाहिलं, हात पुसले. "या वहिनी. हात कसा आहे आता?"

"बरा आहे. पाऊस आला की दुखते म्हणतात, पाहू." मंदानं लगेच स्प्रिंगची कथा सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी शॉकअप मोठ्या मशीनमध्ये लावला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. तारखा वाचल्या, सण वाचले. चारही शॉकअप त्या दिवशी दोन खेपांत झाले. शेवटच्या खेपेला मंदा स्कूटर वळवायला रस्त्यावर गेली, तेव्हा रज्जाकभाई हळूच म्हणाले, "वहिनीले माहीत नाही ना?"

मी मान हलवली.

"मी नाही बोलणार, साहेब. पण सहा महिन्यांपासून तुम्ही मले पाहून रस्ता बदलून राहिले. मी काय गुन्हा केला?"

ते रागानं म्हणाले नव्हते, म्हणून जास्त लागलं. खरं सांगणाऱ्या माणसालाच मी टाळत आलो होतो, आणि ते त्याला कळलं होतं.

पुढचे दोन दिवस डिस्क, पॅड, कॅलिपर बसवण्यात गेले. प्रत्येक नट मी दोनदा आवळला, मग एकेकावर पांढऱ्या रंगाची खूण केली, मग पुन्हा तपासला. आता फक्त ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली होती. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा. दुसऱ्यानं चाकाशी बसून छोटा नट सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, नट बंद करायचा आणि मगच आतल्यानं पाय सोडायचा. नट उघडा असताना पाय सुटला तर हवा परत आत ओढली जाते आणि केलेलं सगळं वाया जातं.

मी मंदाला विचारलं. ती गाडीकडे बघत राहिली.

"चाकं नाहीत तिले," मी म्हणालो. "जाणार कुठे?"

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. अपघातानंतर पहिल्यांदा. दार तिनं उघडंच ठेवलं.

सुरुवात ड्रायव्हरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून करतात. मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं. मी जमिनीवर आडवा. ती मला दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हतो.

"दाब."

"दाबलं."

नट सैल. नटाला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे. नट बंद.

"सोड."

"सोडलं."

असं कितीतरी वेळा. दाब, दाबलं, सोड, सोडलं. घरात गेल्या सहा महिन्यांत आम्ही इतकं सरळ बोललो नव्हतो. ती माझा शब्द ऐकून पाय ठेवत होती, शब्द ऐकून काढत होती. मी पुढच्या डाव्या चाकाशी आलो. तिच्या बाजूचं चाक, जे डोंगराला घासत गेलं होतं. तिथे आडवं पडल्यावर मला ते सहन होईना. ती माझ्या शब्दावर पाय ठेवून बसली होती.

"दाब."

"दाबलं."

नट सैल केला. बुडबुडे आले. आणि मी म्हणालो, "मंदा, रज्जाकभाईनं मले आधीच सांगितलं होतं."

"काय?"

"घाटाच्या आधी. पॅड संपले, ऑइल खराब झालं, असंच नेऊ नका म्हणून. मी म्हटलं, आल्यावर करू."

कूलरचा पंखा फिरत होता. पलीकडच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला. नट उघडाच होता. मला तो बंद करायचं सुचलं नाही. मी नळीकडे बघत होतो. आता तिचा पाय निघेल आणि तेल मागे ओढलं जाईल, हे बघायलाच जणू. नळीतलं तेल हललं नाही.

खूप वेळानं तिचा आवाज आला. "बंद केलं का?"

मी घाईनं नट आवळला. "केलं."

"सोडू?"

"सोड."

पाय सुटल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग आतल्या दाराचा.

चौथं चाक तसंच राहिलं. गाडी घोड्यांवर, ड्रायव्हरचं दार उघडं. नवतप्याचे उरलेले दिवस आमच्या घरात कूलरशिवाय कुणी बोललं नाही. मंदा वेळेवर जेवण करायची, ताट समोर ठेवायची. पन्हं करायची, माझा पेला झाकून ठेवायची. तिनं आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी ती डाव्या हाताचा कोपर उजव्या हातात धरून पडून राहायची आणि मी बाहेरच्या खोलीत छताकडे बघत बसायचो. ती बॅग भरेल, दादांकडे जाईल, असं रोज वाटायचं. एसटी सुटायच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "सहा महिने तुम्ही शाबासकी घेत होते."

"हो."

"माह्या भावाच्या हातून शाल घेतली."

"हो."

"काहून नाही केलं तेव्हा? पैसे नव्हते का?"

"होते."

"मग?"

मी शोधून पाहिलं. इतके दिवस शोधतच होतो. "कंटाळा. गाडी दोन दिवस गॅरेजात राहिली असती. सुट्या लागून राहिल्या होत्या. इतके वर्ष काही झालं नाही, आताही होणार नाही, असं वाटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं भाजीची काडी मोडली. एखादं मोठं कारण असतं तर तिला भांडता आलं असतं. मग तिनं विचारलं, "डोंगराकडे वळवली, तेव्हा माही बाजू आहे हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं. दुसरीकडे दरी होती."

"ते बरोबर केलं तुम्ही," ती म्हणाली. "ते मी आजही मानते. त्याच्या आधीचं मानत नाही. दोन्ही वेगळं आहे." आणि थोड्या वेळानं, "दादाले तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर ती पोर्चमध्ये उभी होती. "एक चाक राहिलं ना?"

दाब. दाबलं. सोड. सोडलं. दहा मिनिटांत झालं. शेवटी तिनं तीन-चारदा ब्रेक दाबून पाहिला. "दगडासारखा लागून राहिला," म्हणाली. मी चाकं चढवली, गाडी खाली उतरवली आणि किल्ली घ्यायला हात पुढे केला.

"मी चालवते. तुम्ही बाजूले बसा."

तिच्याकडे लायसन्स होतं. लेआउटच्या बाहेर गाडी मीच कधी तिच्या हाती दिली नव्हती. आमच्या घरांच्या मागे प्लॉट पाडलेले आहेत, अजून बांधकामं नाहीत, मधून सिमेंटचा सरळ रस्ता जातो. तिथे तिनं गाडी आणली. मी डावीकडे, तिच्या जागेवर. त्या सीटवर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की समोर काचेपलीकडे सगळं धावून येतं आणि पायाखाली दाबायला काहीच नसतं. तिनं वेग घेतला. चाळीस. रस्त्याच्या शेवटी विटांचा ढीग होता. पन्नास. ढीग मोठा होत गेला. मी दारावरची मूठ धरली, मनात एकेक नट पुन्हा मोजला, पांढऱ्या खुणा आठवल्या, एक कुठे राहिली तर नाही.

तिनं ब्रेक दाबला.

पट्टा छातीत रुतला. गाडी नाकावर झुकली, सरळ रेषेत थांबली. ढीग अजून बराच लांब होता. धूळ मागून येऊन पुढे निघून गेली. मंदाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि ती मोठमोठ्यानं श्वास घेत होती. मग तिनं गाडी वळवली आणि पुन्हा तेच केलं. नवे पॅड नीट बसायला असं दहा-बारा वेळा करावं लागतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तिनं पंधरा वेळा केलं.

त्याच आठवड्यात ती गाडी नरखेडकडे घेऊन गेली, मला बाजूला बसवून. मी दादांना त्यांच्या बागेत, विहिरीच्या काठावर बसून सांगितलं. सगळं. "मंदीले सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग माह्याजवळ काय राहिलं," असं म्हणून ते उठले, आणि चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "चला, जेवून घ्या." त्यानंतर त्यांनी मला पूर्वीसारखं जावईबापू म्हटलेलं नाही. नावानं हाक मारतात. तेच ठीक आहे.

सगळं पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात मंदाचा कोपर दुखतो. ती तेल लावते, आणि मी खोलीत असलो तर बाहेर जातो किंवा बाटली तिच्या हातून घेतो, जे त्या दिवशी जमेल ते. लांब जायचं असलं की गाडी तीच चालवते. पट्टा लावते, आरसा नीट करते आणि किल्ली फिरवायच्या आधी समोर बघत विचारते, "काही सांगायचं राहिलं का?" मी सांगतो. मागच्या टायरात हवा कमी आहे. बीपीची गोळी विसरलो. बिल भरायचं राहिलं. ती ऐकून घेते.

काल सकाळी पूर्वाला मामाकडून आणायला निघालो होतो. मंदानं तेच विचारलं. बाहेर लू सुटली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"मले उजव्या डोळ्यानं संध्याकाळचं धुरकट दिसून राहिलं," मी म्हणालो. "दोन महिने झाले."

"दोन महिने?"

तिनं पट्टा काढला, खाली उतरली, गाडीपुढून घरात गेली. मी बसून राहिलो. खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती परत आली, बसली, पट्टा लावला.

"सोमवारी साडेदहाले डोळ्याच्या डॉक्टरनं बोलावलं," ती म्हणाली आणि गाडी काढली.